देवाच्या फळीवरची गोळी

आमच्या घरात औषध पुरतं घ्यायची पद्धत नव्हती. ताप उतरला की गोळ्या बंद. उरलेल्या गोळ्या आई कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात टाकायची, आणि पुढं कुणाचं काहीही दुखलं की त्यातली एक निघायची. पांढरी गोळी डोक्याची, पिवळी पोटाची, एवढंच आमचं वैद्यक. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पायाला एकदा फावडं लागलं होतं. डॉक्टरांनी आठवड्याचं औषध दिलं. अण्णांनी जखम सुकायला लागल्याबरोबर ते थांबवलं आणि म्हणाले, "उरलेलं ठेवा. पोराला खोकला आला तर कामाला येईल."

आम्ही तेव्हा पाथर्डी फाट्याच्या पुढं दुसऱ्याच्या मळ्यात वाट्यानं फुलं पिकवायचो. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. राहायला मळ्यातलीच पत्र्याची खोली. उजाडायच्या आत आई आणि मी पाट्या घेऊन नाशिकात गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात जायचो, फुलं विकायची, आणि तिथूनच मी कॉलेजला. बोटं पिवळी असायची. वर्गातल्या मुली विचारायच्या, "आज कुठल्या पूजेला जाऊन आलीस गं?" मी काहीतरी नाव सांगायची. सत्यनारायण, वास्तुशांत. वर्षात इतक्या पूजा कुणाच्या घरी असतात, हे त्यांनाही कळत असणार.

तर अशी मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात पहिली. त्याचा अभिमान मला होता आणि आहे, उगाच नम्रपणा दाखवणार नाही. अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलाला नोकरी लागली. नव्वदचं दशक संपता संपता आम्ही इंदिरानगरमध्ये एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. आई, अण्णा, भाऊ, वहिनी आणि मी. अण्णा फुलांचा वाटा करतच राहिले. भावानं टेम्पो घेतला. घराला मागं एक गॅलरी होती, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर उंच एक लाकडी फळी. तिच्यावर आमचे देव.

कुत्रं आलं ते आईच्या पाटीतून.

कॉलेज रोडच्या एका बंगल्यात आई रोजची पूजेची फुलं द्यायची. त्या बाईंकडं एक पांढरं, झुपकेदार शेपटीचं, छोटंसं कुत्रं होतं. त्याला फिट यायला लागल्या. गालिच्यावर लाळ, लघवी. बाई आईला म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडं मळा आहे ना, नेता का याला? आमच्याच्यानं हे होत नाही." आई त्याला फुलांच्या ओल्या फडक्यावर बसवून घेऊन आली. अण्णा म्हणाले, "हे काय आणलं? ससा हाय का कुत्रं?"

दुसऱ्या दिवशी त्याची औषधाची चिठ्ठी आणायला मी बंगल्यावर गेले. बाई दारातूनच बोलल्या. वाईट बोलल्या नाहीत. पण म्हणाल्या, "याला गोळी अगदी वेळेवर लागते हं. चुकवून चालत नाही. तुमच्याकडं जमेल का असं? म्हणजे, वाचता वगैरे येतं ना कुणाला?"

मी म्हणाले, "मी ग्रॅज्युएट आहे."

ते वाक्य मी ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या क्षणापासून त्या कुत्र्याचं जगणं हा माझ्या पदवीचा प्रश्न झाला. ते वाचलं तर आम्हाला जमतं. मेलं तर बाईंचं खरं.

चिठ्ठीवर पत्ता होता त्याच जनावरांच्या डॉक्टरांकडं मी त्याला नेलं. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी, मध्ये बारा तासांचं अंतर. फिट थांबल्या म्हणून गोळी थांबवायची नाही, कारण गोळी चालू आहे म्हणूनच त्या थांबलेल्या असतात. अचानक बंद केली तर आधीपेक्षा जोरात फिट येऊ शकते. एखादी चुकलीच तर आठवल्यावर द्यायची, पण दोन एकदम कधीच नाही. माणसांची डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी याला अजिबात नाही.

"आणि फिट आली की तोंडात हात घालायचा नाही," ते म्हणाले. "जीभ गिळत नाही ते. टेबल-खुर्ची बाजूला करा, घड्याळ बघा, आणि लांबली किंवा लागोपाठ आली की इकडं घेऊन या. कांदा-चप्पल हुंगवू नका."

मी हसले. आम्ही तेच करायचो.

गोळी द्यायची कशी हा वेगळाच तमाशा होता. वहिनी भाकरीच्या तुकड्यात गोळी लपवायची. कुत्रं भाकरी खायचं आणि गोळी तेवढी जिभेवरून बाजूला काढून फरशीवर ठेवायचं. अगदी नीट, जसं काही सुटे पैसे परत करतंय. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "काय भावजी, लग्नात पण असंच जेवलात का? भात खाल्ला अन् लाडू ठेवला?" नवऱ्याच्या धाकट्या भावाला म्हणतात तसं ती त्याला भावजीच म्हणायची. अण्णांनी एकदा मळ्याशेजारच्या बागेतलं द्राक्ष आणलं आणि त्यात गोळी खुपसली. मी डॉक्टरांना कौतुकानं सांगितलं तर ते खुर्चीतून पुढंच आले. "द्राक्ष नको! एकही नको. किडनी जाते त्यानं." नाशिकच्या माणसाला द्राक्ष विषारी असतं हे सांगणं म्हणजे काय! अण्णा कितीतरी दिवस म्हणत होते, "डॉक्टर कोल्हापूरकडचा असंल."

शेवटी डॉक्टरांनी हातानं द्यायला शिकवलं. डाव्या हातानं वरचा जबडा दातांमागं हलकेच धरायचा, उजव्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या पार मागं ठेवायची, तोंड मिटवायचं आणि गळ्यावरून बोट खाली फिरवायचं. नाक चाटलं की समजायचं गिळली. मान फार वर करायची नाही, नाहीतर ठसका लागतो. मागून चमचाभर पाणी. मला ते दोन दिवसांत जमलं. वहिनीला पहिल्याच वेळी जमलं.

बरीच मोठी मुदत त्याला फिट आली नाही. सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी स्वतः गोळी द्यायची. गोळ्यांची स्टीलची डबी माझ्या उशाशी असायची. बंगल्यातल्या बाई आईला कधीतरी विचारायच्या, "आहे का तो?" आई सांगायची, "हाय की. माझी पोरगी घड्याळ लावून गोळी देती." हे आईनं मला घरी येऊन सांगितलं की मी पेपर वाचतेय असं दाखवायची.

मग ऑफिसनं मला नव्या कॉम्प्युटरच्या कामाचं शिकायला आठवडाभर पुण्याला पाठवलं.

डबी कुठं ठेवावी याचा मी खूप विचार केला. खाली ठेवली तर उंदीर. खिडकीत ठेवली तर ओल. मग मला सुचलं, देवाच्या फळीवर! उंच, कोरडी जागा. आणि आमच्या घरात सकाळी पूजा आणि संध्याकाळी दिवाबत्ती कधी चुकत नसे. म्हणजे दिवा लावायला हात वर गेला की डबी दिसणार, डबी दिसली की गोळी आठवणार. दोन्ही वेळांमध्ये बरोबर बारा तासांचं अंतर. मी ब्लेडनं सगळ्या गोळ्यांचे अर्धे-अर्धे तुकडे करून डबीत भरले, डबी गणपतीशेजारी ठेवली आणि वहिनीला म्हणाले, "दिवा लावला की गोळी. बस्स. घड्याळ बघायलाच नको."

"ताई, तुमचं डोकं म्हणजे डोकं," वहिनी म्हणाली.

मला तर ते पटलेलंच होतं.

मी गेल्यावर एक-दोन दिवसांनी आई आणि भाऊ टेम्पोत फुलं भरून वणीला गेले. देवीच्या गडावर गर्दी होती, झेंडूला भाव होता, मावशीकडं मुक्काम करून तिथंच विकायचा बेत होता. घरी अण्णा आणि वहिनी दोघंच.

मी पुण्याहून खालच्या किराणा दुकानात फोन केला. दुकानदारानं वर हाक मारली. अण्णा आले.

"समदं ठीक हाय," ते म्हणाले. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय होती.

"वहिनीला बोलवा ना जरा."

"तिला नाय जमायचं यायला."

"का?"

अण्णांचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाले, "चार दिवस नाय जमायचं."

मला कळलं. आमच्या घरात पाळी आली की बाई चार दिवस बाजूला बसायची. गॅलरीत गोणपाटावर. स्वयंपाकघरात पाऊल नाही, पाण्याच्या माठाला हात नाही, देवाच्या फळीकडं तर बघायचंही नाही. वहिनी बसायची, तिच्या आधी आई बसायची, आणि मी ग्रॅज्युएटही बसायची. अण्णा त्या दिवसांत स्वतः दोन भाकरी थापायचे, स्वतःच दिवा लावायचे. कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

मला हे सगळं कळलं, आणि मी लाजून विषय बदलला. "बरं, शेवंतीला भाव काय चाललाय?" असं विचारलं. ज्या फळीला वहिनी हात लावू शकत नव्हती, तिच्यावर मी माझ्या हातानं डबी ठेवून आले होते. पण त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी आल्याच नाहीत. बाईचं ते चार दिवसांचं बसणं ही माझ्या डोक्यात विचार करायची गोष्टच नव्हती. ती झाकायची गोष्ट होती.

मी परत आले ती दुपारी. जिन्यातच अण्णांचा आवाज ऐकू आला. "थांब रं, थांब रं राजा." दार उघडंच होतं. कुत्रं फरशीवर आडवं पडलं होतं, चारही पाय सायकल चालवल्यासारखे हलत होते, तोंडाला फेस. अण्णा गुडघ्यावर बसून एका हातात फोडलेला कांदा आणि दुसऱ्या हातात स्वतःची चप्पल त्याच्या नाकाशी धरत होते. गॅलरीच्या उंबऱ्यावर वहिनी उभी होती. उंबऱ्याच्या अलीकडं तिचा पाय नव्हता. तोंडात पदर धरून नुसती उभी होती.

"ही दुसरी हाय," अण्णा म्हणाले. "मघाशी एक आली, उठून बसलं, परत पडलं."

मी बॅग टाकली, कांदा-चप्पल बाजूला केली, पाय हलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि त्याला टॉवेलात गुंडाळलं. मी जिना उतरायला लागले तशी वहिनी घरातून, स्वयंपाकघरातून, अण्णांच्या समोरून सरळ चालत माझ्यामागं आली.

"अगं, तू कुठं?" अण्णा म्हणाले.

ती जिना उतरत राहिली.

रिक्षात ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. माझ्या अंगाला तिचं लुगडं लागू नये म्हणून. मी तिला चिडून म्हणाले, "नीट बसा ना." ती आणखी सरकली.

दवाखान्याच्या पायरीवरच ती थांबली. आत एक गृहस्थ मोठं अल्सेशियन कुत्रं घेऊन बसले होते, आणि कंपाउंडर होता. डॉक्टरांनी ताबडतोब कुत्र्याला टेबलावर घेतलं, इंजेक्शन दिलं. पाय सैल पडले. श्वास नीट चालू झाल्यावर त्यांनी विचारलं, "गोळी चालू आहे?"

"हो."

"रोज? दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. मी पुण्याला होते, पण वहिनी देते. आमच्याकडं चुकत नाही." मी हे जरा मोठ्यानं म्हणाले. अल्सेशियनवाल्यांनाही ऐकू जावं म्हणून असेल.

डॉक्टरांनी मान हलवली. "मग डोस पुरत नाही असं दिसतंय. वाढवावा लागेल. आणि महिन्याभरानं यकृताची रक्ततपासणी." ते लिहायला बसले. "याला जरा पाणी पाजू या, वाटी आणा बाहेरच्या नळावरून."

मी वाटी घेऊन बाहेर आले. वहिनी उठून उभी राहिली.

"ताई, सांगितलं का त्यांना?"

"काय?"

"गोळ्यांचं."

"काय गोळ्यांचं?"

"नाय दिल्या ना. आज तिसरा दिवस." ती अगदी हळू बोलत होती. "फळीवर होत्या. मी अण्णांना म्हणाले, अण्णा, त्याची गोळी वर हाय. ते म्हणाले, दोन-चार दिवस नाय दिली तर काय मरतं का जनावर? तू मोकळी झाली की दे. मग मी कसं परत बोलू?"

नळ चालू होता. वाटी भरून वाहत होती.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा कुत्रं आलं नाही. वहिनीही आली नाही. पहिला विचार हा आला की आता आत जाऊन मी काय तोंडानं सांगू? पुरुष डॉक्टर, पुरुष कंपाउंडर, तो अल्सेशियनवाला. जे मी दहा वर्षं शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही कधी सांगितलं नव्हतं ते यांच्यासमोर? आणि सांगायचं कुणाचं, तर वहिनीचं. गप्प बसावं, असंही वाटून गेलं. डोस वाढवतायत तर वाढवू देत. औषध जास्तच मिळेल. त्यात काय एवढं?

पण त्यात काय ते मला ठाऊक होतं. मला त्याच टेबलापाशी बसवून शिकवलं होतं. ज्या डोसावर ते इतके दिवस नीट होतं तो पुरत नाही असं खोटंच ठरणार होतं, आणि ते वाढीव औषध त्या एवढ्याशा देहात रोज जाणार होतं, कदाचित मरेपर्यंत.

मी आत गेले. "डॉक्टर, लिहू नका."

त्यांनी वर पाहिलं.

"गोळ्या दिल्या गेल्या नाहीत."

"किती चुकल्या?"

मी दाराकडं पाहिलं. वहिनी खाली पायरीकडं बघत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. "आज तिसरा दिवस आहे."

"सलग? का बरं?"

"डबी देवाजवळ ठेवली होती. मीच ठेवली होती. वहिनीला... तिला हात लावता येत नव्हता."

कंपाउंडर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला. अल्सेशियनवाले गृहस्थ एकदम खाली वाकून कुत्र्याचा पट्टा घट्ट करू लागले, जो आधीच घट्ट होता. माझे कान इतके तापले होते की डॉक्टरांचं पुढचं बोलणं मला लांबून आल्यासारखं वाटलं. त्यांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "गोळी चालू असताना फिट येणं वेगळं आणि बंद केल्यामुळं येणं वेगळं. डोस जुनाच ठेवू. वाढवला असता तर हे पेंगून पडलं असतं, पायात पाय अडकले असते, आणि आपण म्हटलं असतं आजार वाढला. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला जाऊ नका. संध्याकाळची संध्याकाळी, उद्याची उद्या." मग त्यांनी सहज विचारलं, "आणि तुमच्या वेळी कोण देतं?"

"मी. माझी डबी उशाशी असते."

म्हणाले आणि मला ऐकू आलं मी काय म्हणाले ते. माझ्या अडचणीची सोय मी न बोलता करून ठेवली होती. वहिनीची अडचण मला दिसलीच नव्हती.

कुत्र्याला त्यांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. आम्ही दोघी पायरीवर बसलो. वहिनी म्हणाली, "त्यांना सगळ्यांना कळलं का हो?"

"हो."

"आता मी परत इथं यायची नाय." मग जरा वेळानं म्हणाली, "भावजी बरे होतील ना पण?"

आई वणीहून आल्यावर घरात जी बोलणी झाली ती सगळी सांगत नाही. मी म्हटलं, डबी फळीवरून काढायची. आई म्हणाली, काढ की, कोण नाय म्हणतं, स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्याशेजारी ठेव. मी ठेवायला गेले आणि थांबले. तिथंही वहिनीला चार दिवस जाता येणार नव्हतं. कपाटात ठेवावी तर कपाटाला शिवायचं नाही. अंथरुणांच्या थप्पीवर, तर तिला शिवायचं नाही. मी डबी हातात घेऊन घरभर फिरले. जिथं घरातल्या प्रत्येक बाईला महिन्यातल्या प्रत्येक दिवशी हात लावता येईल अशी जागा मी शोधत होते. ती दारामागं सापडली. चपलांच्या वर, जिथं छत्री अडकवायचो तो खिळा. तेवढीच.

मी तिथं एक पिशवी अडकवून डबी ठेवलीही. काही दिवस ती तिथंच राहिली. वहिनी वाकून चपलांवरून हात नेऊन गोळी काढायची. मला ते बघवेना.

पुढं माझीच पाळी आली. सकाळी अण्णा दिवा लावून बाजूला झाले होते, आई परात घेऊन बसली होती. मी गॅलरीत न जाता डबी खिळ्यावरून काढली, स्वयंपाकघरात गेले आणि चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवली. मग तिथंच उभं राहून त्यातली अर्धी गोळी घेतली, कुत्र्याला ओट्यापाशी बोलावलं आणि दिली. त्यानं नाक चाटलं. मी हात धुतले आणि चहा ठेवला.

आईला माझे दिवस ठाऊक होते. ती म्हणाली, "काय गं, विसरली का?"

"नाही विसरले."

"मग? चार बुकं शिकली म्हणून आता देवाला शिकवणार?"

"देवाला नाही आई. त्याची गोळी चुकते."

"कुत्र्यासाठी?" आई म्हणाली. "आम्ही जल्म काढला गोणपाटावर. मला थंडी भरून आली तरी कुणी आत घेतलं नाय. अन् कुत्र्यासाठी?"

ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. अण्णा उठले आणि बाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही, आणि पुढचेही दोन-तीन महिने त्या दिवसांत घेतला नाही.

आईचं बोलणं मला लागलं ते बरोबर होतं म्हणून. वहिनी आमच्याकडं नांदायला आली तेव्हापासून, पावसाळ्यात, थंडीत, त्या गॅलरीत बसत होती. मी कामावरून यायची, तिच्यापुढं लांबून ताट सरकवायची आणि आत येऊन पंख्याखाली बसायची. तेव्हा माझं शिक्षण कुठं गेलं नव्हतं, ते माझ्याजवळच होतं. मी काही केलं ते एका जनावराची फिट टळावी म्हणून, आणि त्या बंगल्यातल्या बाईंपुढं मान खाली जाऊ नये म्हणून. वहिनीसाठी म्हणून मी काहीच केलं नव्हतं. आज कुणी मला विचारलं, तुमच्या घरातून ही रीत कशी गेली, तर लोकांना ऐकायला आवडेल असं उत्तर माझ्याकडं नाही.

पुढच्या वेळी वहिनी सकाळी गॅलरीच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. आई घरातच होती. वहिनीनं माझ्याकडं न बघता आईकडं बघून विचारलं, "आत्या, भावजींची गोळी राहिलीय. देऊ?"

आई पीठ मळत होती. तिनं परातीत आणखी थोडं पाणी घातलं. मग म्हणाली, "दे. अन् देऊन झालं की तिथंच उभी राहू नको, कांदा चिरायला घे. मला एकटीला आवरत नाय."

वहिनी आत आली.

अण्णा हळूहळू चहा घ्यायला लागले. फळीला मात्र आम्ही दोघींनी त्यानंतरही बराच काळ त्या दिवसांत हात लावला नाही. तिथं अण्णाच दिवा लावत राहिले. एवढंच झालं, यापेक्षा जास्त झालं असं मी सांगणार नाही.

कुत्रं त्यानंतर बरीच वर्षं जगलं. मधूनमधून रक्त तपासून घेतलं. एक-दोनदा हलकी फिट आली, पण गोळी चुकली म्हणून कधी आली नाही. शेवटी दात पडून, डोळे धूसर होऊन, म्हातारपणानं गेलं, आणि गेलं त्या सकाळची गोळीही वहिनीनं वेळेवर दिली होती. त्याची गोळी थांबली, पण गॅलरीत बसणं आमच्या घरात परत सुरू झालं नाही.